गडावरची मुलाखत

चऱ्होली बुद्रुकमधून इंद्रायणी ओलांडून आळंदीत गेलं की पुढे चाकणचा रस्ता लागतो. उलट दिशेला लोहगाव आणि विमानतळ. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज अजिंक्य डी. वाय. पाटील विद्यापीठाचा परिसर इथेच आहे, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या आहेत आणि सकाळी चौकाचौकांत कंपन्यांच्या बसची वाट बघणारी माणसं दिसतात. एमबीए करणारी मुलं आणि त्यांना नोकरी देणारे कारखाने इथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. त्यामुळे प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की इथे एक चर्चा हमखास रंगते: सगळ्यांचे गुण सारखे, सीव्ही सारखे, ग्रुप डिस्कशनची तयारी करून घेणारे क्लासही तेच. मग निवडायचं कुणाला? आणि बोलता बोलता एचआरमधलं कुणीतरी म्हणतं, दोन दिवस डोंगरात नेऊ या मुलांना, तिथे खरा माणूस कळतो.

ही कल्पना इथे सुचते याला कारण आहे. शनिवारी पहाटे निघालं तर न्याहारीच्या वेळेला आपण पवन मावळात असतो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. पवनेच्या जलाशयाकाठी तंबू आहेत, कामशेतला पॅराग्लायडिंग आहे, घाट उतरून कोलाडला गेलं की कुंडलिकेवर राफ्टिंग आहे. कंपन्या आपल्या माणसांना ‘आउटबाउंड’ला, म्हणजे निसर्गातल्या प्रशिक्षण-सहलीला, नेतात ते याच भागात, आणि त्यांच्यासाठी तयार असलेली सगळी व्यवस्था विद्यार्थ्यांसाठीही वापरता येते. म्हणून ‘डोंगरात माणूस कळतो’ हे वाक्य नीट तपासून बघायला हवं. मी या डोंगरांत बरीच वर्षं हिंडतो आहे, मुलांना घेऊन जातो, दोर धरून उभा राहतो. डोंगर माणसाला घडवतो यावर माझा विश्वास आहे. पण त्याच डोंगरावर कागद-पेन घेऊन उभं राहायचं आणि कुणाला नोकरी द्यायची ते ठरवायचं, याला माझा विरोध आहे. तो का, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मैदानावर माणूस पारखण्याची पद्धत उद्योगातून आलेली नाही, ती लष्करातून आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याने अधिकाऱ्यांच्या निवडीत मानसशास्त्रज्ञांना आणलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांपुढे प्रश्न उभा राहिला की ठरावीक घराण्यांतली आणि ठरावीक शाळांतली मुलं अधिकारी म्हणून पुरेनात, बाकीच्यांतून निवडायचं कसं? त्यातून १९४२ मध्ये त्यांची निवड मंडळं उभी राहिली. विल्फ्रेड बिऑन या मनोविश्लेषकाने तिथे नेता न नेमलेल्या गटाची चाचणी रूढ केली. सात-आठ जणांना एक काम द्यायचं, पुढारी कोण ते सांगायचं नाही आणि काय होतं ते बघायचं. भारतात हीच पद्धत १९४३ मध्ये डेहराडूनला आली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने ती आपली करून घेतली. खडकवासल्याच्या एनडीएत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला आज ज्या एसएसबीतून, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळातून, जावं लागतं, तिचं मूळ हे.

एसएसबीचं मैदान ज्याने पाहिलंय त्याला आउटबाउंडचे निम्मे खेळ ओळखीचे वाटतील. छातीवर नंबर लावलेली मुलं, एक फळी, एक बल्ली, एक दोर आणि ओलांडायचा एक अडथळा. लाल रंग दिलेल्या भागाला हात लावायचा नाही, जमिनीला पाय टेकवायचा नाही, सोबत दिलेलं ओझं पलीकडे न्यायचं. पण आपण उचलले ते खेळ. त्यांच्याभोवतीची शिस्त मागेच राहिली. एसएसबी पाच दिवस चालते. मैदानावरचा अधिकारी, मानसशास्त्रज्ञ आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे जण एकाच उमेदवाराकडे तीन बाजूंनी बघतात. मनसा, वाचा, कर्मणा असं त्याचं सूत्र सांगितलं जातं. आपापलं मत पक्कं होईपर्यंत ते एकमेकांशी बोलत नाहीत, शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सला तिघांची मतं समोरासमोर येतात. काय शोधायचं ते पंधरा गुणांच्या यादीत आधीच ठरलेलं असतं. आणि बघणाऱ्यांना या कामाचं प्रशिक्षण मिळालेलं असतं, हे त्यांचं नेमलेलं काम असतं. आपल्याकडच्या दोन दिवसांच्या सहलीत यातलं एकही नसतं. जे तंबू ठोकतात तेच दोर बांधतात, आणि रात्री शेकोटीशी बसून एचआरवाल्यांना तेच सांगतात की तो निळ्या टोपीवाला मुलगा चांगला वाटला.

अमेरिकेतली गोष्ट आणखी बोलकी आहे. युद्धकाळात तिथल्या गुप्तचर खात्याने हेन्री मरे या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली व्हर्जिनियातल्या एका शेतघरात तीन-तीन दिवसांची निवड शिबिरं घेतली. ओढा ओलांडायचा, भिंत पार करायची, आणि एका चाचणीत तर लाकडी सांगाडा उभा करायला दोन मदतनीस द्यायचे, ज्यांना आतून सूचना असायची की कामात खोडा घाला आणि उमेदवाराला डिवचा. १९४८ मध्ये त्यांनी सगळ्या प्रयोगाचं जाडजूड पुस्तक काढलं. निवडलेल्या माणसांनी पुढे काय केलं याची पडताळणीही त्यांनी प्रामाणिकपणे छापली. अंदाज माफकच खरे ठरले होते. यानंतर १९५६ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत मानसशास्त्रज्ञ डग्लस ब्रे यांनी हीच पद्धत व्यवस्थापकांसाठी वापरली. मात्र त्यांनी ओढा आणि भिंत काढून टाकली. त्या जागी पत्रं, तक्रारी आणि चिठ्ठ्यांनी भरलेला टेबलावरचा ट्रे आला, गटचर्चा आली, छोटा धंदा चालवून दाखवायचा खेळ आला. व्यवस्थापकाला रोज जे करायचं तेच करायला लावलं. आणि निकाल कुलूपबंद ठेवले, कंपनीच्या वरिष्ठांना दाखवलेच नाहीत. नाहीतर ज्याला चांगला म्हटलं त्याला बढती मिळाली असती आणि आपला अंदाज खरा ठरला असं सगळ्यांना वाटलं असतं.

म्हणजे उद्योगाने लष्कराकडून पद्धत घेतली तेव्हा चिखल मागे ठेवला आणि काम पुढे आणलं. सत्तर वर्षांनी आपण मुलांना तिकोन्यावर नेतो तेव्हा चिखल परत आणतो आणि काम मागे ठेवतो.

डोंगराची दुसरी परंपरा शिकवण्याची आहे आणि ती याहून वेगळी वाढली. १९४१ मध्ये शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली. तरुण खलाशांना समुद्रात तगून राहण्याचा आत्मविश्वास यावा हा तिचा हेतू होता. तिथे कुणाला निवडायचं नव्हतं. आपल्याकडे बचेंद्री पाल यांनी १९८४ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट गाठलं, त्याच वर्षी टाटा स्टीलने साहस प्रतिष्ठान सुरू केलं आणि ते त्यांच्या हाती सोपवलं. महाराष्ट्रात या क्षेत्राचं नाव निघालं की वसंत वसंत लिमये यांचं नाव येतंच. आयआयटीत शिकलेला हा गिर्यारोहक, मराठी वाचकांना ‘लॉक ग्रिफिन’चा लेखक म्हणूनही माहीत आहे. त्यांनी १९८९ मध्ये हाय प्लेसेस सुरू केली आणि ताम्हिणीजवळ गरुडमाची उभी केली. कंपन्यांच्या लोकांना निसर्गात नेऊन अनुभवातून शिकवायचं, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या उद्योगात रुजवण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. इंदूरच्या आयआयएमने आपल्या विद्यार्थ्यांना हिमालयात नेण्याचा परिपाठ ठेवला. फिलाडेल्फियाच्या व्हार्टनमध्ये मायकेल युसीम यांच्या प्रेरणेने एमबीएची मुलं एव्हरेस्टच्या पायथ्यापासून अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आली. ही सगळी उदाहरणं आपल्याकडे निवडीच्या समर्थनार्थ दिली जातात. पण यांतल्या प्रत्येक ठिकाणी मुलं किंवा कर्मचारी आधीच आत आलेले होते. त्यांना डोंगरात नेलं ते शिकवायला.

शिकवण्याच्या बाजूने पुरावाही बऱ्यापैकी आहे. जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहस-शिक्षणावरचे ९६ अभ्यास एकत्र करून पाहिले. कार्यक्रम संपताना मध्यम आकाराचा फायदा दिसला, त्यांच्या मोजपट्टीवर ०.३४. विशेष म्हणजे घरी परतल्यावर तो विरला नाही, उलट पुढच्या काळात त्यात आणखी ०.१७ ची भर पडली. शिक्षणाच्या क्षेत्रात असं क्वचित घडतं, परीक्षा झाली की बहुतेक गोष्टी ओसरतात. स्वतःवरचा ताबा आणि आत्मविश्वास यांत वाढ दिसली होती. लांब चाललेले कार्यक्रम अधिक फळले. शनिवार-रविवारच्या सहलीवर एवढा भार टाकता येत नाही, हेही त्यातच आलं.

निवडीच्या बाजूने काय आहे? इथे डॅनिएल काहनेमन यांची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते पुढे अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले, पण १९५० च्या दशकात विशीतला हा तरुण इस्रायली सैन्यात अधिकारी निवडायच्या कामावर होता. आठ अनोळखी जवान, एक लांब ओंडका आणि साधारण सहा फुटांची भिंत. सगळ्यांनी पलीकडे जायचं, ओंडका भिंतीला किंवा जमिनीला टेकता कामा नये, टेकला तर पुन्हा पहिल्यापासून. उन्हात, घामाघूम अवस्थेत कोण पुढे होतं, कोण रुसतं, कोण चिडतं, कोण दुसऱ्याला खांदा देतं हे त्यांना लख्ख दिसायचं. इतकं लख्ख की शंकेला जागाच उरायची नाही. मग दर काही महिन्यांनी अधिकारी-शाळेकडून कळायचं की ती मुलं प्रत्यक्षात कशी निघाली, आणि यांचे अंदाज डोळे मिटून केलेल्या निवडीपेक्षा जेमतेम बरे असायचे. पुढच्या तुकडीला पुन्हा तीच भिंत, तोच ओंडका आणि तितकीच खात्री. अंदाज चुकतात हे ठाऊक असूनही समोरचं दृश्य पाहताना ती खात्री तसूभरही कमी होत नव्हती, याचंच काहनेमन यांना नवल वाटलं, आणि त्यांच्या पुढच्या संशोधनातल्या एका महत्त्वाच्या कल्पनेचं बीज तिथे पडलं.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. डोंगरावर आपल्याला माणूस कळल्यासारखं वाटतं ते खोटं नसतं. तो त्या क्षणी जसा वागला ते आपण खरोखर पाहिलेलं असतं. चूक पुढच्या पावलात होते. ओल्या कातळावर जो असा वागला, तो चाकणमध्ये सप्लायरचा ट्रक अडकून लाइन थांबायची वेळ आली की तसाच वागेल, हे आपण मनाने जोडतो. माणसाचं वागणं प्रसंगागणिक बदलतं. आणि हे फक्त डोंगराला लागू नाही. पॉल सॅकेट आणि जॉर्ज ड्रेहर यांनी १९८२ मध्ये कंपन्यांच्या बंद खोलीतल्या, ब्रे यांच्या धर्तीवरच्या मूल्यमापन केंद्रांचे गुण तपासले तेव्हा दिसलं की एका माणसाला दोन वेगळ्या कामांत ‘नेतृत्वा’चे जे गुण मिळतात त्यांचा एकमेकांशी फारसा मेळ नसतो, पण एकाच कामातले ‘नेतृत्व’, ‘संवाद’ आणि ‘निर्णयक्षमता’ यांचे गुण मात्र हातात हात घालून चालतात. म्हणजे परीक्षक गुण मोजत नव्हते, ते काम कसं झालं एवढंच मोजत होते आणि तोच आकडा तीन रकान्यांत भरत होते.

सॅकेट यांनीच सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये निवडीच्या सगळ्या पद्धतींचा जुना हिशेब नव्याने मांडला. पद्धतीचा अंदाज आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध शून्य ते एक या पट्टीवर मोजला जातो. ठरवून घेतलेली मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण देण्याची ठरलेली रीत, ०.४२ वर आली. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ०.३३ वर. मूल्यमापन केंद्र ०.२९ वर. आणि नुसत्या गप्पांची मुलाखत ०.१९ वर. तिकोन्यावरची सहल यात कुठे बसेल? प्रशिक्षित परीक्षक, अनेक चाचण्या, कामाशी जुळणारे प्रसंग असं सगळं असेल तेव्हा कुठे ०.२९. ते सगळं काढून टाकल्यावर जे उरतं ते गप्पांच्या मुलाखतीच्या आसपासच असणार, असं मला वाटतं.

एकदा पवनेकाठच्या अशा शिबिरात मी दोर सांभाळायला होतो. कंपनी कुठली ते सांगायचं कारण नाही. सहा निळे प्लास्टिकचे ड्रम, आठ बांबू, नायलॉनचा दोर. तराफा बांधायचा आणि पलीकडच्या बोयाला वळसा घालून यायचं. गटातल्या एका मुलाने पहिल्या मिनिटाला सूत्रं हातात घेतली. आवाज मोठा, सूचना स्पष्ट, आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय तो तराफा वेळेत बांधून झालाच नसता. त्याच गटात लातूरकडची एक मुलगी होती. पोहता येत नाही म्हणून ती काठावर राहिली. सगळे बांबू आवळत होते तेव्हा ती लाइफ जॅकेटं एकेक करून उचलून बघत होती. दोन जॅकेटांचं बकल लागत नव्हतं, एकाची पट्टी उसवलेली होती. तिने ती बाजूला काढली, आमच्यातल्या एकाला हळू आवाजात सांगितलं, बदली जॅकेटं येईपर्यंत कुणाला पाण्यात उतरू दिलं नाही आणि मग पुन्हा मागे जाऊन उभी राहिली. संध्याकाळी निरीक्षकांचे कागद पाहिले. मुलाला दहापैकी नऊ. मुलीपुढे ‘सहभाग कमी’. ज्या खात्यासाठी ही निवड चालली होती ते होतं गुणवत्ता तपासणीचं.

मी ते बोलून दाखवलं. निरीक्षक सज्जन होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, कागदावर तसा कॉलमच नाही.” मला त्यांचा राग आला नाही. ज्याचा रकाना नाही ते दिसूनही नोंदलं जात नाही, आणि पाण्याकाठी, आरडाओरड्यात, पुढे होऊन बोलणारा माणूस नैसर्गिकपणे डोळ्यांत भरतो. पण त्या मुलीच्या वर्षभराच्या मेहनतीचं काय झालं याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

यातून पुढचा मुद्दा आलाच. डोंगर सगळ्यांसाठी सारखा नसतो. मावळातल्या किंवा अकोले तालुक्यातल्या गावात वाढलेल्या मुलाला चढ म्हणजे काहीच नाही. धाराशिवच्या सपाटीवरून आलेल्या, कधी पोहायला न शिकलेल्या मुलीला कमरेएवढं पाणीही परीक्षा असते. कुणाला दमा आहे, कुणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालीय, कुणी लंगडत चालतं. गडावर स्वच्छतागृह नाही आणि पाळी चालू आहे, हे त्या मुलीने कुणाला सांगायचं? रात्री मुक्कामाला घरून परवानगी मिळणार नाही अशा मुली आजही वर्गावर्गात आहेत, आणि शनिवार-रविवारी बापाच्या दुकानात किंवा कुठे डिलिव्हरीच्या कामावर असणारी मुलंही आहेत. कॉलेजच्या ट्रेकला ही मुलं सरळ ‘नाही जमणार’ म्हणतात आणि विषय संपतो. तेच नोकरीच्या निवडीत असेल तर नाही म्हणण्याची सोय उरत नाही. कागदावर ‘स्वेच्छेने’ लिहिलेलं असतं, त्याखाली सही होते, पण न आलेल्याला नोकरी मिळाल्याचं कुणी पाहिलेलं नसतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतो. फायनान्सच्या जागेसाठी कडा उतरायला लावणारी कंपनी ते धोरण कसं पाळते, हे तिलाच विचारायला हवं. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही कामानिमित्त गेलेल्या जागेला कामाची जागाच मानतो, तंबूही त्यात आला. तक्रार कुणाकडे करायची हे निघण्याआधी मुलींना माहीत असलं पाहिजे.

सुरक्षेचं तर बोलायलाच नको, असं म्हणून हा विषय फार वेळा टाळला जातो. महाराष्ट्राने २०२१ च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, योग्य साहित्य हे त्यात आहे. प्लेसमेंट समितीने कंपनीला पहिला कागद मागायचा तो या नोंदणीचा. कुंडलिकेचं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. ते कधी सुटतं आणि किती वाढतं ते तिथल्या माणसाला पाठ असतं, बाहेरून आलेल्याला नाही. धरणाचं पाणी अचानक वाढलं की काय होतं हे ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये बियास नदीने दाखवलं. हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली २४ मुलं त्यात गेली. आपल्या दाराशी बघायचं तर चऱ्होलीवरून वाहणाऱ्या याच इंद्रायणीवर, वरच्या अंगाला कुंडमळ्याचा जुना पूल १५ जून २०२५ ला पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. पावसाळ्यात मावळात मुलांना नेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, आणि तरी बसगाड्या निघतात. लोहगडासारखा किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तिथल्या तटबंदीवर दोर लावून खेळ घ्यायला ती काही कुणाची खाजगी भिंत नव्हे.

अपघाताहूनही मला एक दुसरी भीती वाटते. डोंगरात चढाओढ लावली की लोक एकमेकांकडे बघायचं थांबवतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या माउंट शवानो या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर एका कार्यालयाची पंधरा जणांची तुकडी गेली होती. एकट्याने पुढे जाऊन शिखर गाठलेला सहकारी उतरताना वाट चुकला. वाट ओळखता यावी म्हणून दगडांच्या पट्ट्यात ठेवलेल्या वस्तू आधी उतरलेल्यांनी उचलून नेल्या होत्या. रात्र त्याने वादळात डोंगरावर काढली, दुसऱ्या दिवशी बचाव पथकाने त्याला खाली आणलं. एकमेकांशी जुळवून घ्यायला म्हणून ती माणसं डोंगरात गेली होती. तिथे तर गुणांचीही भानगड नव्हती. जिथे दोन जागांसाठी वीस मुलं आहेत, तिथे मागे राहिलेल्यासाठी थांबणारा मुलगा स्वतःचे गुण घालवतो आहे की मिळवतो आहे, हे त्याला चालताना कसं कळणार? तो थांबला तरी ते मनापासून की निरीक्षकाला दाखवायला, हेही मग आपल्याला कळत नाही. गुण ठेवले की डोंगरातली सगळ्यात चांगली गोष्टच संशयास्पद होते.

इथे एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो प्रामाणिक आहे. हॉलमधल्या ग्रुप डिस्कशनला मुलं क्लास लावून येतात, डोंगरात दुपारी चारला, पाणी संपलेलं असताना मुखवटा टिकत नाही. मला हे अर्धंच पटतं. दमलेल्या माणसाचा मुखवटा उतरतो हे खरं, पण खाली जे दिसतं ते बहुधा दमलेला माणूसच असतो. आणि क्लासचं म्हणाल तर ते डोंगरालाही लागतील. एसएसबीच्या तयारीसाठी पुण्यात फळ्या, बल्ल्या आणि दोर लावलेली मैदानं आहेत, मुलं पैसे भरून तिथे सराव करतात. आज जर चाकणच्या पाच मोठ्या कंपन्यांनी तराफ्यावरून निवड सुरू केली, तर पुढच्या वर्षी पवनेकाठी तराफ्याचे क्लास निघतील आणि ज्यांच्याकडे फी आहे ती मुलं पहिल्या मिनिटाला सूत्रं हातात घ्यायला शिकून येतील.

खुद्द गिर्यारोहक माणसं कशी निवडतात, हे यात कुणी विचारत नाही. पुण्याची गिरिप्रेमी ही संस्था १९८२ ची. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिची तुकडी २०१२ मध्ये एव्हरेस्टला गेली आणि आठ जण माथ्यावर पोहोचले. अशा मोहिमांचा संघ एका शनिवार-रविवारच्या निरीक्षणातून उभा राहत नाही. सह्याद्रीतले कडे, हिमालयातल्या लहान मोहिमा, सामान पॅक करणं, वर्गणी गोळा करणं, हिशेब लिहिणं, एकमेकांच्या घरच्या अडचणीला धावणं यांतून वर्षानुवर्षं माणसं एकमेकांना कळत जातात. ज्यांचं डोंगरावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे, ते डोंगराच्या एका फेरीवर विसंबत नाहीत.

मग कंपनीने करायचं काय? उत्तर चऱ्होलीपासून अर्ध्या तासावर आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरीत १९६० च्या दशकात बस्तान बसवलं तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी आधी प्रशिक्षण विभाग उभा केला. शिकाऊ मुलं वर्षानुवर्षं यंत्राशी, हत्याराशी, वरिष्ठांशी कशी वागतात हे तिथल्या माणसांना रोज दिसत होतं. त्याहून चांगली निवड-चाचणी या पट्ट्यात मला माहीत नाही. एमबीएच्या मुलांसाठी तिचं आजचं रूप आहे उन्हाळी इंटर्नशिप. दोन महिने मूल तुमच्याच कारखान्यात असतं. दुर्दैवाने त्याला बहुतेकदा एक सर्व्हे आणि एक पीपीटी देऊन कोपऱ्यात बसवतात आणि पुढे त्याचीच पारख करायला तिकोन्यावर नेतात. इंटर्नशिप शक्य नसेल तर एक दिवस द्या. सकाळच्या शिफ्टला सातच्या आत गेटवर बोलवा, उत्पादन नियोजनाच्या (पीपीसी) विभागातल्या माणसासोबत शॉर्टेजची यादी घेऊन फिरवा, एखाद्या सप्लायरशी फोनवर बोलू द्या, शिफ्ट बदलताना काय गोंधळ होतो ते बघू द्या आणि दुपारी सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारून त्यांची उत्तरं आधी ठरवलेल्या मोजपट्टीवर लावा. लातूरची ती मुलगी अशा दिवशी मागे राहिली नसती असं मला वाटतं, आणि मोठ्या आवाजाच्या मुलालाही आपलं काम दाखवायला भरपूर वाव मिळाला असता. काहनेमन यांनीही शेवटी हेच केलं. सैन्यात नव्याने भरती होणाऱ्यांसाठी त्यांनी ठरावीक सहा गुणांवर, वस्तुस्थितीच्या प्रश्नांनी, एकेक गुण वेगळा मोजणारी मुलाखत बसवली, आणि तिचे अंदाज आधीच्या ढोबळ मुलाखतींपेक्षा बरेच खरे ठरले. गंमत अशी की सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटून शेवटी जो एक आकडा मनात येतो, तोही चांगला निघाला. मनाच्या कौलाला किंमत आहे, फक्त त्याची पाळी शेवटी यायला हवी.

डोंगर मग कधी? निवड जाहीर झाल्यावर. रुजू होण्याआधीचे मधले चार महिने मुलांना दुसरीकडून बोलावणी येत असतात, मन डळमळतं. त्या काळात नव्या मुलांना, त्यांच्या होणाऱ्या साहेबांसह, एखाद्या सोप्या गडावर न्यावं. साहेबांनीही तीच भाकरी खावी, तोच तंबू ठोकावा. कुणी मागे राहिलं तर सगळ्यांनी थांबावं, कारण थांबल्याने कुणाचं काही जात नाही. इच्छुक विद्यार्थ्यांसाठी निवडीआधीची सहलही चालेल, मात्र निवड करणाऱ्यांपैकी कुणीही तिथे नसावं. त्या वेळी मुलं कंपनीला पारखतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. पंचविशीच्या आतल्या माणसाने कुठे आयुष्य घालवायचं हे ठरवायला दोन दिवस सोबत चालण्यासारखा मार्ग नाही. कारखान्यातली माणसं चढावर आपल्या ड्रायव्हरशी, स्वयंपाक्याशी, दोरवाल्याशी कशी बोलतात ते त्यांना दिसतं.

यंदा आपल्या कॉलेजात असा प्रस्ताव आला तर प्लेसमेंट समितीतल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या प्राध्यापकांनी, तीन गोष्टी ईमेलवर लेखी मागाव्यात. आयोजकाच्या नोंदणीची प्रत. सहलीतली कुठली नोंद निवडीत वापरली जाणार, कोण करणार आणि तिचा पदाच्या कामाशी संबंध काय. आणि जो विद्यार्थी येणार नाही त्याची निवड कशी होईल, त्या पद्धतीचा सविस्तर तपशील. तिसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय बसची यादी पाठवू नये.